हे कशात जातं?

सकाळी सहा. आषाढातला पाऊस रात्रभर पडून आत्ताच थांबलेला. कोथरूडमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी दोन बायका ढकलगाडी लावतात. नात्याने त्या जावाजावा. थोरली पन्नाशी ओलांडलेली, धाकटी तिच्याहून बरीच लहान. गाडीवर दोन मोठ्या बादल्या, दांड्याला अडकवलेली रिकामी पोती आणि घडी करून ठेवलेला जाड प्लास्टिकचा कागद. पावसाळ्यात या कागदावाचून चालत नाही. पुठ्ठा भिजला की त्याचं वजन वाढतं, पण दुकानदार ओल्या मालाची घट धरतो आणि वर भावही पाडतो. सकाळची एक सर दुपारची कमाई खाऊन जाते.

दोघी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्याच संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ जन्माला आली. 2008 मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार झाला. कचराकुंडीत वाकून वेचणाऱ्या बायका तेव्हापासून दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. घरटी ठरलेलं शुल्क त्यांना मिळतं आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसेही त्यांचेच. म्हणून वर्गीकरण हा त्यांच्या पोटाशी बांधलेला व्यवहार आहे. पिशवीत काय आहे हे ज्याला ओळखता येईल, त्यालाच त्या पिशवीतून काही मिळेल.

साडेसहा ते नऊ. जिने चढायचे, उतरायचे. प्रत्येक दारात दोन डबे असायला हवेत, ओल्याचा आणि सुक्याचा. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणं सक्तीचं केलं. दारात दिसणारं चित्र घरागणिक वेगळं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वाट बघतच उभ्या असतात.

“मावशी, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवल्यात. पावसाने दोन दिवस लागले वाळायला.”

“द्या आजी. कोपरा तुटका नाही ना?”

“नाही गं बाई, तू सांगितल्यापासून नुसतीच चीर देते.”

हा कोपरा क्षुल्लक वाटतो, पण तो नीट समजून घेण्यासारखा आहे. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चांगल्या प्रतीचं असतं, मऊ आणि ताणलं तर लांबणारं. स्वच्छ पिशवीला गिऱ्हाईक कायम. कात्रीने पूर्ण कापून टाकलेला कोपरा मात्र नखाएवढा. तो कोणाच्याच हाती येत नाही. ओल्या कचऱ्यात गेला तर खतात उतरतो, मोरीत गेला तर नाल्यात. पिशवीला चीर दिली आणि कोपरा लोंबता ठेवला, तर सगळी पिशवी एका तुकड्यात परत जाते. आजींनी ते एकदा ऐकलं आणि लक्षात ठेवलं. अशी घरं आहेत, म्हणून हे काम चालतं.

चौथ्या मजल्यावर एक तरुण गाठ मारलेली एकच पिशवी पुढे करतो. थोरली गाठ सोडून आत बघते. आमटी सांडलेली, त्यात वर्तमानपत्र, वरून पिझ्झाचा खोका.

“दादा, सगळं एकात घातलंय बगा. कागदाला आमटी लागली की तो कागद गेला. मला बी उपयोग नाही, कुणालाच नाही.”

तो घाईत मान हलवतो आणि दार लावतो. हे बघताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण नुकसान भरून न येणारं आहे. कागदाचा गिरणीत पाण्यात लगदा होतो आणि तेल-तूप त्या लगद्यात तसंच राहतं. तेलकट पुठ्ठ्याचा चांगला कागद होत नाही. जेवणाच्या ताटाजवळ कागद चुकीच्या डब्यात पडला, तर पुढे कितीही यंत्रं लावा, तो परत कोरा होत नाही. वर्गीकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक टप्पा घरातच असतो.

वेगळाच प्रश्न सॅनिटरी कचऱ्याचा. पॅड, डायपर, जखमेच्या पट्ट्या. ‘स्वच्छ’ने बरीच वर्षं लोकांना एवढंच सांगितलं आहे की हे कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायची वेळ येणार नाही. जुन्या कागदाच्या खास पिशव्याही सभासद बायकांनी स्वतः बनवून विकल्या. 2013 मध्ये तर त्यांनी वापरलेले पॅड आणि डायपर गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. वस्तू विकणाऱ्यांनी तिच्या शेवटाचाही विचार करावा, ही मागणी त्यामागे होती. तीन वर्षांनी आलेल्या नियमांमध्ये पॅडसोबत गुंडाळायला पाकीट किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. आजच्या फेरीत लाल ठिपक्याच्या पुड्या दिसतात, पण उघड्या पॅडच्या पिशव्याही दिसतात. धाकटी हातमोजा सावरते आणि त्या वेगळ्या पोत्यात टाकते. तोंडाने काही बोलत नाही.

एका दारात इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून ठेवलेल्या असतात. थोरली त्या घरातल्या बाईंना थांबून सांगते, “ताई, असंच करत जावा.” सुई लागलेला हात तिने जवळून पाहिला आहे.

नऊ वाजता गाडी फीडरवर. इथे महापालिकेची गाडी ओला कचरा घेते. आत नुसती साल, देठ, उरलेलं अन्न असेल तर त्याचं खत होतं किंवा बायोगॅस होतो. प्लास्टिक मिसळलं तर तोच माल निरुपयोगी होतो आणि कुठेतरी ढिगावर जातो. पुण्याचा ढीग अनेक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात साठत राहिला. तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या विहिरींच्या पाण्यासाठी, हवेसाठी पुन्हा पुन्हा आंदोलनं केली. शहरातल्या मोरीजवळचा एक न वेगळा केलेला डबा शेवटी कुणाच्या तरी शेताशेजारी रिकामा होतो.

चहा, पाव. जेमतेम पंधरा मिनिटं.

साडेदहा. वर्गीकरणाची शेड. वर पत्रे, खाली कोबा, तीन बाजू उघड्या. पावसाची तिरीप येते म्हणून तो जाड कागद आता आडोशाला बांधला जातो. सुक्याची पोती जमिनीवर ओतली जातात आणि दोघी समोरासमोर बसतात. भोवती रिकाम्या गोण्या अर्धवर्तुळात. त्यांची जागा ठरलेली. उजव्या हाताला बाटल्या, डावीकडे पुठ्ठा, मागे कागद, गुडघ्याजवळ एक लहान डबा, तांब्याच्या तारेचा आणि पितळेच्या तुकड्यांचा. नजर ढिगावर असते. हात गोणीकडे न बघता फेकतात.

पहिल्यांदा मोठा माल निघतो. पुठ्ठ्याचे खोके उलगडून सपाट. पेयांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांना इथे सगळे ‘बिसलरी’ म्हणतात, कंपनी कोणतीही असो. आतलं पाणी ओतायचं, झाकण काढायचं, पायाखाली चिरडायची. झाकण वेगळं का, हे मी धाकटीला विचारतो. ती म्हणते, “ते येगळं प्लास्टिक हाय. जड बाटली बुडते, झाकण तरंगतं.”

तिने सांगितलं ते रसायनशास्त्रातलं सत्य आहे. बाटलीच्या पेट प्लास्टिकची घनता सुमारे 1.38, म्हणजे पाण्याहून जास्त. झाकण पॉलिप्रोपिलिनचं किंवा एचडीपीईचं, घनता 0.90 ते 0.96 च्या दरम्यान. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडतात तेव्हा झाकणांचा चुरा वर येतो आणि पेट तळाशी बसतं. इतकं सोपं गणित सगळ्या प्लास्टिकना लागू असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

अडचण पीव्हीसीची. त्याची घनताही 1.4 च्या आसपास, म्हणून ते टाकीत पेटच्याच सोबतीने बुडतं. पाणी त्यांना वेगळं करू शकत नाही. पेट वितळवायला सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअस तापमान लागतं. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधीच विघटन पावतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. ते आम्ल पेटच्या साखळ्या तोडतं. माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. पीव्हीसीचं अगदी थोडं प्रमाणही मोठ्या लॉटची प्रत घालवायला पुरतं.

थोरलीला यातलं क्लोरीन ठाऊक नाही, पण बाटली ठाऊक आहे. ती दोन पारदर्शक बाटल्या माझ्यासमोर धरते. एकीच्या तळाशी मधोमध बारीक टिंब, ही पेट. दुसरीच्या तळाला आडवी शिवण. ती दुसरी बाटली वाकवते आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. “ही नाही चालत. पूर्वी लई यायच्या तेलाच्या, आता कमी झाल्या. पण एक बी आत गेली तर दुकानदार आख्ख्या पोत्यावर बोलतो.” तिची ही चाचणी प्लास्टिकच्या पाठ्यपुस्तकांत आहे तशीच आहे. ती हे दुकानदाराच्या नकारातून शिकली आणि मग तिने जावेला शिकवलं.

मग हात वेगाने चालू लागतात. शांपूची, फिनेलची, इंजिन ऑइलची अपारदर्शक डबी म्हणजे ‘फुगा’. हे एचडीपीई, हवेने फुगवून घडवलेलं. दही-श्रीखंडाचा डबा दाबला की चेपतो आणि पुन्हा उभा राहतो, ते पॉलिप्रोपिलिन. पेन, जुना रेडिओ, खेळण्यातली मोटार, चमच्याने वाजवली की टणत्कार होतो आणि वाकवली की तडकते. ते ‘कडक’, त्याची गोणी वेगळी. पिशव्यांचं तर बोटांवरच कळतं. मऊ, ताणून लांबणारी एक, करकरणारी आणि लगेच फाटणारी दुसरी. बिस्किटाचा पुडा चुरगळून मुठीत धरायचा आणि सोडायचा. उलगडून पूर्ववत झाला तर तो चंदेरी थर दिलेलं प्लास्टिक. चुरगळलेलाच राहिला तर ॲल्युमिनियमची फॉइल, तिला भाव आहे.

डब्यांच्या बुडाला त्रिकोणात 1 ते 7 आकडे असतात. 1 म्हणजे पेट, 2 एचडीपीई, 3 पीव्हीसी, 4 एलडीपीई, 5 पॉलिप्रोपिलिन, 6 पॉलिस्टायरिन, 7 म्हणजे बाकी सगळं. हे आकडे अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने 1988 मध्ये आणले. त्रिकोण पाहून लोकांना वाटतं की वस्तूचं पुनर्चक्रीकरण होणारच. आकडा तेवढं वचन देत नाही, फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ढिगातल्या निम्म्या डब्यांवर तो पुसट, निम्म्यांवर नाहीच. चोवीस तास काम करणारं यंत्र इथे काय करेल, असा प्रश्न हल्ली बऱ्याचदा विचारला जातो. मोठ्या प्रकल्पांमध्ये इन्फ्रारेड किरणांनी प्लास्टिक ओळखणारी यंत्रं आहेत आणि ती झपाट्याने काम करतात. पण काळ्या प्लास्टिकमध्ये काजळीचा रंग असतो, तो किरण शोषून घेतो आणि नेहमीच्या यंत्राला समोर काही दिसतच नाही. थोरली काळा डबा उचलते, कानाशी बोटाने टिचकी मारते आणि गोणीत टाकते. मला यंत्रांबद्दल आकस नाही. धूळ, सुया, उंदीर यांपासून या बायकांचे हात वाचवणारं काहीही यावं. पण ज्ञान कुणाचं आहे हे विसरून यंत्र आणलं, तर ते कोथरूडच्या ढिगावर अडेल.

एक वाजतो, दोन वाजतात. भाकरी, ठेचा, शेजारच्या इमारतीतून आलेली भाजी. हात नीट साबणाने धुऊन, शेडपासून दूर जाऊन बसायचं, हा थोरलीचा नियम. ती मूळची सोलापूरकडची. 1972 च्या दुष्काळात तिकडची आणि मराठवाड्यातली अनेक कुटुंबं पुण्यात आली. ज्या जातींना गावात जमीन नव्हती, त्यांच्यातल्या बायकांना शहरातही घाणीशी जोडलेलंच काम हाती आलं. संघटनेचं ओळखपत्र मिळण्याआधीचे दिवस ती फारसे आठवत नाही. “चोर म्हणायचे,” एवढंच म्हणते आणि पाणी पिते.

तीनला कागद. मला वाटलं होतं हे सोपं असेल. पांढरा छापील कागद वेगळा, कारण त्याला भाव जास्त. वर्तमानपत्र वेगळं, चकचकीत मासिकं वेगळी, पुठ्ठा वेगळा. मग येतात फसवे कागद. चहाचा कागदी कप फाडला की आतून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा निघतो. दुकानातली पावती कोणी कागदात टाकली तर धाकटी तिच्यावर नख ओढते. काळी रेघ उठली, म्हणजे तो उष्णतेने छापणारा रासायनिक लेप असलेला कागद, रद्दीत चालत नाही. लग्नपत्रिका हा स्वतंत्र वैताग. वर प्लास्टिकचा मुलामा, आत मखमल, सोनेरी गणपती चिकटवलेला, शिवाय दोरी. एवढ्या कौतुकाने छापलेली वस्तू कशातच जात नाही.

फळांच्या रसाच्या खोक्यांचंही तसंच. बहुतांश पुठ्ठा, पण त्याला प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर घट्ट जोडलेले. ते उकलणारे कारखाने आहेत, मात्र तिथे पोचवायला खोके एका जागी मोठ्या संख्येने जमावे लागतात. म्हणून शेडमध्ये त्यांची गोणी भरायची वाट बघत अनेक दिवस उभी राहते. थर्माकोलची कथा वेगळ्या कारणाने वाईट. आत बहुतेक हवाच. टेम्पो भरतो आणि वजनकाटा हलत नाही, त्यामुळे नेणाऱ्याला डिझेलचाही खर्च निघत नाही.

गोळ्यांच्या स्ट्रिपा बघून मी थांबतो. एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला बहुतेकदा पीव्हीसी, दोन्ही एकमेकांना चिकटवलेली. दोन्ही स्वतंत्रपणे उपयोगी, एकत्र केल्यावर दोन्ही वाया. ओलावा आत जाऊ नये म्हणून औषधाला असं वेष्टन लागतं, हे मान्य. पण वेफर्सच्या पाकिटाला, केचपच्या पुडीला, एका वेळच्या शांपूच्या पाऊचला तीन-तीन थर चिकटवताना ही शेड कुणाच्या डोळ्यांपुढे होती का? ज्या खोलीत वेष्टनाचा आराखडा ठरतो, तिथे थोरलीसारखी बाई एकदा तरी बसायला हवी. तिला दहा मिनिटं द्या. कुठलं लेबल निघत नाही, कुठली शाई लगद्याला डाग पाडते, कुठलं झाकण स्प्रिंगमुळे कटकटीचं होतं, हे ती नमुना हातात घेऊन सांगेल. पुनर्चक्रीकरण सुधारायचं असेल तर सगळ्यात मोठी मोकळी जागा मला या खोलीत दिसते.

धातू थोडा, पण लाडका. लोहचुंबक दोरीला बांधलेला असतो, तो फिरवला की लोखंड, पत्रा चिकटतो. न चिकटणारं हलकं आणि पांढरं ते ‘जर्मल’, म्हणजे ॲल्युमिनियम. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम करण्यापेक्षा जुनं वितळवायला सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते. थंड पेयाच्या डब्याला भाव मिळतो तो यामुळे, आणि तो रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही तोही यामुळेच. काचेत अख्ख्या बाटल्या एकीकडे, फुटकी काच जाड गोणीत. चिनी मातीच्या कपाचा तुकडा काचेत गेलेला धाकटी काढून टाकते. काच वितळेल अशा भट्टीत मातीचा तुकडा वितळत नाही, नव्या बाटलीत खडा होऊन राहतो आणि बाटली तिथेच तडकते.

साडेचार. भंगाराचं दुकान. काटा, वही, हिशेब. दुकानदार प्रत्येक गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढतो. आज बाटल्यांची गोणी स्वच्छ निघते आणि तो काही न बोलता पूर्ण भाव लिहितो. पुठ्ठ्यात घट धरतो, कारण एका बाजूने ओल लागली आहे. थोरली हुज्जत घालते, खोके उलगडून कोरडा भाग दाखवते आणि घट निम्म्यावर आणते. इथून हा माल मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथे पुन्हा वर्गीकरण, मग गाठी बांधून कारखान्यात. पेटचा धागा होतो, फुग्याचे दाणे होऊन बादल्या-पाइप होतात, पुठ्ठ्याचा पुठ्ठा. पण कागदाचा धागा प्रत्येक फेरीत आखूड होत जातो, साधारण पाच ते सात वेळांनंतर तो टिकत नाही. म्हणून सगळं परत परत वापरता येईल असं समजून जास्त वापरणंही बरोबर नाही.

वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांची गोणी दुकानदार घेत नाही. ती परत शेडमध्ये जाते. काही प्रकल्पांत असं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळायला घेतात. त्यासाठी ते वेगळं जमवावं लागतं, आणि वेगळं जमवायच्या मजुरीचे पैसे कोणीतरी द्यावे लागतात. प्लास्टिकची वेष्टनं बाजारात आणणाऱ्यांवर त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी कायद्याने आहे. तो पैसा ढिगासमोर बसलेल्या बाईपर्यंत पोचायला हवा, नाहीतर ती गोणी तशीच पडून राहणार.

संध्याकाळी सात. सकाळच्याच एका सोसायटीत बैठक आहे आणि थोरलीला बोलावलं आहे. ती घरी जाऊन, साडी बदलून येते. टेबलावर पिशवीतून वस्तू काढून मांडते. दुधाची पिशवी, रसाचा खोका, गोळ्यांची स्ट्रिप, चहाचा कप, लग्नपत्रिका. लोक एकेक वस्तू उचलून विचारतात, हे कशात जातं? ती सांगत जाते. चौथ्या मजल्यावरचा तरुण मागे उभा असतो. तो पिझ्झाच्या खोक्याबद्दल विचारतो.

“झाकणाचा भाग कोरडा असंल तर फाडून सुक्यात द्या, दादा. खालचा तेलकट ओल्यात. दोन तुकडे करायचे, बास.”

“आणि हे वेफर्सचं?”

“ते सुक्यातच द्या, पण येगळ्या पिशवीत. मला त्याचं काही मिळत नाही. तरी द्या, नाल्यात नको. अन् कंपनीला लिवा तुमी. तुमाला इंग्रजी येतं.”

सेक्रेटरी वहीत लिहून घेतात. सोमवारपासून प्रत्येक जिन्यात वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांसाठी वेगळी पिशवी टांगायची, आणि पत्राचा मसुदा रविवारपर्यंत तयार करायचा असं ठरतं. पत्रात नेमकं काय लिहायचं हे सांगायला रविवारी थोरली पुन्हा येणार आहे.